आत्याच्या आठ मेंढ्या

आत्याच्या हातात आठ मेंढ्या जमल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी माझ्या रस्त्यात गुंगलेलो. तेवढ्यात चिरंजीवांनी फासे टाकले, सात पडले. कॅटान या बोर्डगेममध्ये सात पडले की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पानं असतील त्यानं निम्मी टाकायची.

“आत्या, चार पानं टाक.”

“का म्हणून?”

“सात पडले ना. नियम आहे तसा.”

“आणि हे आत्ता सांगायलास?”

सांगितलं होतं. सुरुवातीच्या पस्तीस मिनिटांत, बंदरांच्या नंतर कुठेतरी, नक्की सांगितलं होतं. आत्यानं एकेक करत चार मेंढ्या चादरीवर ठेवल्या, घरातली भांडी मोडीत काढावीत तशा. मग “चालू दे तुमचं” म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मे महिन्यातली दुपार, पारा 42 च्या पुढे, लाइट गेलेली. अशा वेळी सोलापुरात हौसेनं कोणी गॅसपाशी उभं राहत नाही. ती रागावली होती.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. त्याआधी नऊ वर्षं पुण्यात होतो, तिथे हा बोर्डगेमचा नाद लागला. कॅटान जर्मनीतला, 1995 साली आलेला. काढणारे क्लाउस टॉयबर हे दंततंत्रज्ञ. कवळ्या-दातांच्या कामातून डोकं मोकळं करायला तळघरात खेळ रचत बसायचे म्हणतात. 19 षटकोनी तुकड्यांचं बेट, त्यावर लाकूड, वीट, लोकर, गहू, खनिज पिकतं. ते गोळा करून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची, पहिले 10 गुण करेल तो जिंकला. हे एवढंच सांगून मी फासे हातात दिले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मी पुस्तिकेच्या पहिल्या पानापासून सुरू झालो. कोणत्या तुकड्यातून काय येतं, कशाला किती लागतं, बँकेशी चारास एक, बंदर असेल तर तिनास एक, खास बंदर असेल तर दोनास एक, चोर कुठे बसतो, सर्वांत लांब रस्त्याचे दोन गुण कधी मिळतात आणि कधी जातात. बायको विसाव्या मिनिटाला मोबाईल बघायला लागली. चिरंजीव लाकडी घरांचा मनोरा रचत होते. आत्या तेवढी नीट ऐकत होती, मान डोलवत होती. मला वाटलं, हिला कळतंय. मध्ये एकदा फक्त म्हणाली, “सांगायलास काय आणि कीर्तन करायलास काय?”

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, “आत्या, तू एवढ्या मेंढ्या का धरून ठेवल्यास? वस्तीला एक लागते फक्त. नुसत्या मेंढ्यांचं काय करणार होतीस?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “अरे, मेंढी हातची कोण सोडतं?”

आणि मग मला लख्ख कळलं.

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. अख्खा खेळ त्या चार मेंढ्यांसाठी. चारही ओढल्या की कोट. आत्या सहा-सात वर्षांची असल्यापासून मेंढीकोट खेळते, म्हणजे साठेक वर्षं तिच्या हाताला हेच वळण की मेंढी दिसली की वाचव, दुसऱ्याची असली की मार. आणि मी बापडा लोकरीच्या पानाला ‘मेंढी’ म्हणून मोकळा झालो होतो. पानावर चित्रही मेंढीचंच. पस्तीस मिनिटांत मी जे काही बोललो ते सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं.

नवा खेळ शिकणारा माणूस कोरी पाटी घेऊन येतच नाही. त्याच्या हातात आधीच कुठल्या तरी खेळाची पानं असतात. ती कोणती, हे मी विचारलं नाही. गंमत म्हणजे याच आत्यानं माझ्या बाबतीत ते बरोबर ओळखलं होतं.

1993 चा उन्हाळा, मी दहा वर्षांचा. आत्याचं घर दाजी पेठेत, पुढच्या खोलीत दोन माग, मधल्या खोलीत शहाबादी फरशी. दुपारी माग थांबले की फरशीवर पाणी मारायचं, ती सुकली की घडी घातलेली चादर अंथरायची आणि तीनशे चारचा डाव मांडायचा. सोलापुरी चादरीवर पानं घसरत नाहीत, हा तिचा एक उपयोग जाहिरातीत कधी येत नाही. मला मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात सगळं येत होतं. तीनशे चार मात्र मोठ्यांचा खेळ. पानं 32, सत्तीपासून वर. आणि त्यात गुलाम सगळ्यांचा बाप! त्याच्याखाली नव्वी. मग एक्का, मग दश्शी, आणि राजा-राणी बिचारे त्यांच्याही खाली. एक्क्याला देव मानून वाढलेल्या पोराला हे पचणं कठीण.

आत्यानं मला एकही नियम सांगितला नाही. उजव्या खांद्यामागे बसवलं. म्हणाली, बघ. पहिली चार पानं आली की बोली, बोली जिंकली की हुकमाचं पान उलटं ठेवलं जायचं, मग उरलेली चार. दोन डाव मी नुसता बघत होतो. तिसऱ्या डावाला ती हळूच म्हणाली, “गुलाम बाहेर आला की बाकीचे घरी.” बस, एवढंच. चौथ्या डावाला पानं तिच्या हातात, पण टाकायचं कुठलं ते मी ओढायचं. चुकीचं ओढलं तर ती ते चुकीचंच टाकायची. हे मला अजून आठवतं, कारण एकदा मी समोर गुलाम पडलेला असताना झोकात एक्का ओढला, तिनं शांतपणे टाकला आणि 11 गुण गेले. कुणी हसलं नाही. पुढची पानं पिसली जात होती तेव्हा एवढंच म्हणाली, “एक्का मेंढीकोटात मोठा. इथं त्याला दोघंजण मारतात.”

हिशोब माझ्याकडे दिला होता, खडूनं फरशीवर. गुलाम 30, नव्वी 20, एक्का 11, दश्शी 10, राजा 3, राणी 2, अठ्ठी-सत्तीला भोपळा. एका रंगाचे 76. चार रंगांचे किती म्हणून मी सहज गुणाकार केला आणि 304 आले. खेळाचं नाव असं का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो आनंद मी मागच्या महिन्यात घरच्यांना दिला असता का? छे. मी तर पहिल्या मिनिटालाच सगळी गुपितं ओतून मोकळा.

मग एके दिवशी मी पूर्ण भिडू म्हणून बसलो. बसताना आत्यानं बाकीच्या दोघींना बजावलं, “कच्चं लिंबू आहे हं.” त्या म्हणाल्या, बरं.

कच्चं लिंबू म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. लपाछपीत, लगोरीत, खो-खोत शेंबडं पोरगं घ्यावंच लागायचं, नाहीतर ते आईकडे जाऊन रडायचं. ते पळणार, ओरडणार, सगळं करणार, पण आउट झालं तरी आउट नाही. गंमत अशी की कच्च्या लिंबाला आपण कच्चं लिंबू आहोत हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. आणि कधीतरी एका संध्याकाळी कुणीही न सांगता त्याच्यावर राज्य येतं.

मोठ्या माणसाला ही सोय नाही. पुण्यात मी ब्रिज शिकायला गेलो होतो, एका ठिकाणी दर रविवारी सकाळी. पत्ते माझ्या बोटांत होते, वाटलं दोन आठवड्यांत जमेल. पण ब्रिजमध्ये बोली ही एक वेगळीच भाषा. जोडीदार ‘एक किलवर’ म्हणाला म्हणजे त्याच्याकडे किलवर भरपूर, असं मी धरून चाललो. त्याच्याकडे होती तीन. ‘माझ्याकडे बऱ्यापैकी पानं आहेत, तू बोल’ एवढाच त्याचा निरोप. मी उत्साहानं किलवरवर चढत गेलो आणि आपटलो. समोरचे निवृत्त गृहस्थ, अतिशय सभ्य. पानं गोळा करत म्हणाले, “आपण आधी कुठं खेळला आहात का?” इतक्या मऊ आवाजात कुणी चपराक मारलेली मी पाहिली नाही. तीन रविवार गेलो, चौथ्याला माझ्या पोटात दुखलं.

एकट्याच्या खेळात चुकलं तर आपलं आपण हरतो. जोडीच्या खेळात आपली चूक समोरच्याच्या खात्यावर पडते. ब्रिज, अठ्ठावीस, तीनशे चार हे शिकायला अवघड वाटतात त्यात नियमांचा वाटा निम्मा असेल-नसेल, बाकी सगळी ती लाज. तरी ब्रिजमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे. बोली जिंकणाऱ्याचा भिडू, म्हणजे डमी, आपली सगळी पानं उघडी मांडतो आणि गप्प बसतो. जोडीदार दोन्ही हात कसे खेळवतो ते समोर दिसतं. तेरा हात फुकटची शिकवणी. मी जे काही शिकलो ते डमी होतो तेव्हाच.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा पाहिल्यात का? गोल पानं, लाखेचं काम, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकात बारा, म्हणजे 120 पानं. त्यातल्या पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. एवढं गुंतागुंतीचं प्रकरण लोक पिढ्यान्‌पिढ्या खेळले, ते काय पुस्तिका वाचून? कुणाच्या तरी खांद्यामागे बसूनच. आज ती पानं लोक घेतात आणि काचेआड लावतात. मीही लावलीत, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. खेळणारा खांदा सापडला तर उतरवीन.

तर पुढच्या रविवारी मी पुन्हा कॅटान काढला. बायको म्हणाली, “तुला शिकवायचं नसतंच. हा खेळ किती भारी आहे ते तुला सांगायचं असतं.” मी गप्प. खोटं कुठं होतं?

या वेळी पुस्तिकेतली एक गोष्ट पाळली, जी पहिल्यांदा मी तोऱ्यात ओलांडली होती. नवख्यांसाठी त्यात बेटाची तयार मांडणी दिलेली असते, वस्त्यासुद्धा आधीच बसवलेल्या. कॅटानचा मोठा अवघडपणा तिथेच आहे. पहिल्या दोन वस्त्या कुठे टाकायच्या हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि तो घ्यायचा केव्हा, तर खेळातलं ओ की ठो कळत नसताना. एक डाव तरी तो निर्णय पुस्तिकेला घेऊ द्यावा. सगळ्यांची पानं उघडी, चादरीवर. सातावर पानं टाकायची नाहीत. नियम सांगितले तीन, बाकीचे आडवे येतील तेव्हा.

अर्ध्या तासात आत्यानं विचारलं, “तुकड्यांवरचे हे सहाचे आणि आठाचे आकडे लाल का?” हा प्रश्न यावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, तरी उत्तर दिलं नाही. चिरंजीवांनी कागदावर दोन फाशांची 36 घरं आखून दिली. आत्यानं आठाची घरं बोटानं मोजली: दोन-सहा, तीन-पाच, चार-चार, पाच-तीन, सहा-दोन. पाच. सहाचीही पाच. बाराचं एकच. मग स्वतःची वस्ती बाराला चिकटलेली बघून म्हणाली, “हे कुठल्या शहाण्यानं बसवलं इथं?” तिसऱ्या डावापासून ती स्वतःच्या वस्त्या स्वतः टाकायला लागली. सौदे तर तिला शिकवावेच लागले नाहीत. मंडईत तीस वर्षं घासाघीस केलेली बाई, एका विटेसाठी माझ्याकडून दोन गहू घेतले आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा.

मेंढ्यांचं वेड मात्र गेलं नाही. गेलं नाही म्हणजे, तिनं त्याला वाट काढली. मेंढीचं खास बंदर असतं, दोन मेंढ्या द्या आणि हवं ते एक घ्या. आत्या आता सगळ्यात आधी त्या बंदराकडे रस्ता काढते. मागच्या दोन्ही डावांत तिनं आम्हाला तसंच मारलं.

परवा शेजारच्या पद्मशाली घरातली मुलगी आली, सहावीतली. आत्यानं तिला उजव्या खांद्यामागे बसवलं. दोघींचं निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत चाललेलं. मेंढीला आत्या आता ‘गोर्रे’ म्हणते, म्हणजे तिचा तिचाच घोळ मिटला. सात पडले. आत्याच्या हातात नऊ पानं. तिनं चार काढून टाकली, एकही मेंढी नाही. मुलीनं कानात काहीतरी विचारलं.

“बघ नुसतं,” आत्या म्हणाली, आणि पानं थोडी तिच्या बाजूला कलती केली.