आमची वाटचाल : एका पाइलच्या टेस्टपासून पाइलसमूहाच्या हिशेबापर्यंत

आमची फर्म पाइल लोड टेस्टच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या खांबावर (पाइलवर) भार देऊन तो किती खचतो हे मोजण्याच्या, कामावर उभी राहिली. हायड्रॉलिक जॅक, डायल गेज, भारासाठी रचायचे काँक्रीटचे ठोकळे, एवढंच भांडवल. रिपोर्ट दिला की ग्राहक विचारायचे, "पाइल पास ना?" हो म्हटलं की फाइल बंद.

वाळूत मात्र खरा प्रश्न तिथून पुढे असतो. एकट्या पाइलचा दाब टोकाखाली थोड्याच वाळूला जाणवतो. तेच पाइल व्यासाच्या तिप्पट अंतरावर एका कॅपखाली (पाइलांची डोकी जोडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याखाली) आले, की प्रत्येकाखालचा दाब शेजारच्यात मिसळतो आणि बराच खोल उतरतो. दर पाइलवर भार तेवढाच, तरी समूह जास्त खचतो. भू-तांत्रिक अभियंते व्हेसिक यांनी १९६९ मध्ये वाळूतल्या प्रयोगांवरून यासाठी सोपं सूत्र दिलं : समूहाची रुंदी भागिले पाइलचा व्यास, त्याचं वर्गमूळ, गुणिले एकट्या पाइलची खचण. पाइल अर्ध्या मीटरचे, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर दीड मीटर, मांडणी तीन बाय तीन. रुंदी साडेतीन मीटर भरते, गुणक २.६ येतो. टेस्टमध्ये ६ मिमी दिसले असतील तर समूहाला १६ धरायचे. दहा बाय दहाला तेच ३२ मिमीच्या घरात जातं. शेजारी छोटी कॅप असेल तर दोन्हींच्या खचणीतला फरक वरच्या बांधकामाला सोसावा लागतो. हा हिशेब आम्ही रिपोर्टला जोडू लागलो; पुढे त्याची वेगळी फी लावली. फुकट दिलेलं पान कोणी वाचत नाही.

"पाइल ठोकल्याने वाळू घट्ट होते, मग काळजी कसली?" हेही नेहमीचंच. विरळ वाळूत समूहाची भारक्षमता सुट्या पाइलांच्या बेरजेहून जास्त भरू शकते, हे खरं. पण क्षमता वाढली म्हणून समूह एकट्या पाइलइतकाच खचेल, असं होत नाही. (ठोकायला सुरुवात मधून करावी. कडेपासून केली तर आतले पाइल घट्ट झालेल्या वाळूत उतरता उतरत नाहीत.) बोअर करून ओतलेल्या पाइलात उलटी भीती. भोकातली पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली की तळाची वाळू उसळून सैल होते.

व्हेसिक यांच्या सूत्रात टोकाखाली काय आहे ते येत नाही. म्हणून जमिनीत भोक पाडून खालची माती तपासणारी बोअरिंगची रिग घेतली. एसपीटीचे (बोअरमध्ये ठोके देऊन वाळूचा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीचे) आकडे हाताशी आले, तसा याच क्षेत्रातले अभियंते मेयरहॉफ यांच्या १९७६ च्या पद्धतीनेही पडताळा घेता येऊ लागला. टोकाखाली वाळू संपून मऊ चिकणमाती लागली, तर दोन्ही आकडे बाजूला ठेवतो. ती वर्षानुवर्षं दबत राहते. वाळूची बहुतेक खचण मात्र भार चढतो तशीच होऊन जाते, त्यामुळे कॉलमवर खुणा बसवून दर मजल्याला लेव्हल घेण्याचं कामही आम्ही सुरू केलं. आज टेस्टिंगपेक्षा हेच जास्त मिळतं.

पाइलच्या टोकाशीच थांबवलेल्या बोअरवरून समूहाच्या खचणीचा अंदाज आम्ही देत नाही. काही कामं त्यामुळे दुसरीकडे जातात.