ब्रेक नसलेलं विमान: विंटर हेवनमधले तीन दिवस

"पाण्यात विमान उतरवणार? पोहता येतं ना रे तुला?" सांगलीहून आईचा फोन. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या मुलाला हे विचारायचं म्हणजे काय! पण प्रश्न चुकीचा नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नोव्हेंबरात सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, उडवायला शिकण्यासाठी अटलांटाहून सात तास गाडी हाकत फ्लोरिडातल्या विंटर हेवनला गेलो. गावात जिकडे बघावं तिकडे तळी, बरीचशी कालव्यांनी एकमेकांना जोडलेली. त्यामुळे उतरायला जागा शोधत हिंडावं लागत नाही. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका. तिकडे दुपार झाली की गडगडाट सुरू होतो आणि निम्मा दिवस वाया जातो.

माझ्याकडे साधं प्रायव्हेट पायलट लायसन्स होतं. त्याला सीप्लेनचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, जोडायला अमेरिकेत किमान तासांची अट नाही, लेखी परीक्षाही नाही. तुम्ही तयार आहात अशी प्रशिक्षकाची सही लागते, मग परीक्षकासमोर तोंडी परीक्षा आणि उड्डाण. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत आटोपतं. म्हणून मी 'वीकेंडचा कोर्स' समजून गेलो होतो.

विमान होतं पायपर कब, पिवळं, दोन माणसांचं, चाकांच्या जागी दोन फ्लोट, म्हणजे होडीसारखे लांब पोकळ तरंगते. पहिलं काम पंप मारायचं. फ्लोटच्या आत वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीच्यांवर विमान तरंगावं म्हणून. प्रत्येक कप्प्याच्या भोकाला रबरी चेंडूचं बूच. ते काढायचं, हातपंप लावायचा, पाणी उपसायचं आणि पंप किती वेळा मारला ते मोजायचं. एखाद्या कप्प्यातून रोजच्यापेक्षा जास्त पाणी आलं, तर कुठंतरी गळतंय. आजोबांच्या वयाचे माझे प्रशिक्षक हे इतक्या गंभीरपणे मोजत होते, की मीही मुकाट्याने मोजायला लागलो.

या विमानाला स्टार्टर नाही. प्रशिक्षक फ्लोटवर, पंख्याच्या मागे उभे राहून हाताने पंखा फिरवतात. इंजिन लागलं की विमान चालायला लागतं. ब्रेक नाहीत, रिव्हर्स नाही. खरी शिकवणी इथे सुरू होते. हवेत उडवणं मला येत होतं, पाण्यावरची चाल येत नव्हती. फ्लोटच्या मागच्या टोकाला छोटी सुकाणू असतात, ती सावकाश चालीत खाली सोडायची आणि उड्डाणाआधी व उतरण्याआधी वर घ्यायची. वाऱ्यात विमान आपसूक वाऱ्याकडे तोंड करतं, छपरावरच्या वातकुक्कुटासारखं. इंजिन बंद ठेवून त्याच वाऱ्यावर मागे मागे वाहत जाऊन हव्या त्या जागी पोचणं हाही अभ्यासक्रमाचा भाग. आमच्या घाटावर होडी लावणारे लोक नुसतं पाण्याकडे बघून वारा कसा सांगायचे, ते मला इथे समजलं. ज्या काठाकडून वारा येतो, त्या काठालगत पाण्याचा शांत पट्टा असतो.

सगळ्यात कठीण आरशासारखं पाणी. सकाळी आठ वाजता तळं अगदी स्थिर, त्यात ढग पडलेले. म्हटलं, यापेक्षा सोपं काय असणार! खाली आलो, पाणी हातभर उरलं असं वाटलं आणि सवयीने नाक उचललं. विमान अजून बरंच वर होतं. प्रशिक्षकांनी झटकन थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे सारला आणि एकच वाक्य बोलले: "डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस." सपाट पाण्यावर उंची दिसतच नाही. काठ बाजूला ठेवून त्याच्या समांतर यायचं, नाक ठरलेल्या कोनात ठेवायचं, थोडी पॉवर देऊन मिनिटाला सुमारे १५० फुटांनी उतरत राहायचं आणि पाणी लागेपर्यंत हात हलवायचा नाही. हे 'काही न करणं' मला चार-पाच वेळा फसल्यावर जमलं.

धक्क्याला लावतानाही फजिती झाली. इंजिन लवकर बंद केलं, वाऱ्याने विमान मागे ढकललं. मग फ्लोटवर बसून वल्हं मारलं. काठावरचा बगळा शेवटपर्यंत बघत होता.

तोंडी परीक्षेत माझा अर्धा वेळ पाण्यावर कोणी कोणाला वाट द्यायची यातच गेला. एकमेकांच्या वाटेत आडवे येत असाल तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, मग ते विमान असो की होडी. तो नियम तोंडपाठ करून जा.

कपडे झटपट वाळणारे आणि पाण्यात चालतील असे बूट घ्या. लाइफ जॅकेट कमरेला असलं तरी विमानाच्या आत कधीच फुगवू नका, बाहेर पडता येत नाही. चाकं आणि फ्लोट दोन्ही असलेल्या विमानावर शिकणार असाल, तर पाण्यावर उतरताना चाकं वर आहेत ना हे मोठ्याने म्हणायची सवय लावा. चाकं खाली राहिली तर विमान उलटतं. परीक्षकाची तारीख आणि त्याची वेगळी फी आधीच विचारून ठेवा.

रेटिंग मिळालं म्हणून लगेच सीप्लेन भाड्याने मिळेल असं समजू नका. विम्यामुळे एकट्याच्या हाती विमान देणारे फार थोडे. प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत पाण्यावरची तीन उड्डाणं आणि तीन उतरणं हवीत. एक फायदा मात्र झाला: ही परीक्षा पास झाल्याने दर दोन वर्षांनी लागणारा फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे प्रशिक्षकाबरोबरची उजळणी-तपासणी, तीही त्यातच मिटली.

आईला फोटो पाठवला. तिने विचारलं, "मग आता गिरगाव चौपाटीवर उतरणार का?" २०१७ च्या डिसेंबरात तिथे सीप्लेनची चाचणी झाली होती, ती तिने टीव्हीवर पाहिली होती. मी म्हटलं, "अगं, आधी धक्क्याला नीट लावायला शिकू दे."