निक्सीचा माग काढताना

ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथांच्या संग्रहातली एक गोष्ट इंग्रजीवरून मराठीत आणत होते आणि सुरुवातीलाच अडले. तळ्यातून वर येऊन गिरणीवाल्याला श्रीमंतीचं आमिष दाखवणारी, त्याच्या मुलावर डोळा ठेवणारी ती 'निक्सी'. 'जलपरी' लिहिलं आणि खोडलं. जलपरी म्हटलं की माशाची शेपटी डोळ्यांपुढे येते. ही तर माणूस पाण्यात ओढून नेते. मूळ कळल्याशिवाय शब्द ठरणार नव्हता.

पहिला अंदाज साफ चुकला. लॅटिनमध्ये 'निक्स' म्हणजे बर्फ, म्हणून दोन दिवस त्याच वाटेने गेले. मग व्युत्पत्तिकोश उघडला. निक्सी इंग्रजीत आली ती 19व्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनमधून. पण तिचं भावंड इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीच होतं: 'निकोर'. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याचा नायक रात्री समुद्रात निकोर मारल्याचं सांगतो. त्याच हस्तलिखितात अलेक्झांडरने भारतातून अॅरिस्टॉटलला लिहिलं असं मानलेलं एक पत्र आहे. त्यात नदीतल्या पाणघोड्यांनाही निकोरच म्हटलंय. जुन्या जर्मनमध्ये हाच शब्द मगरीसाठी सापडतो. पाण्यात दबा धरून बसलेलं जे काही, ते निकोर.

त्याही मागे अभ्यासक 'धुणे' या अर्थाचा धातू मांडतात, आणि कोशात त्याच्याशेजारी संस्कृत 'नेनेक्ति' होतं. म्हणजे निज् धातू. निर्णेजक म्हणजे परीट. संस्कृत 'युग' म्हणजे जू, इंग्रजीत 'योक'. ग-ज चा तिकडे क होतो तो असा, त्याच नियमाने निज् चा निक्. बाबांच्या श्राद्धाला गुरुजी 'अवनेजन' म्हणतात आणि दादा दर्भावर पाणी सोडतो. दरवर्षी ऐकलेला तो शब्द निक्सीच्या घरातला निघाला! त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले.

तरी गोष्टीत संस्कृत शब्द घालायचा नव्हता. आजोळी विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. भर दुपारी आजी आम्हाला तिकडे फिरकू देत नसे. आसरा ओढून नेतात म्हणायची. आसरा म्हणजे अप्सरा, आणि त्यातला 'अप्' म्हणजे पाणीच. धातू वेगळा, पण भीती तीच आणि पाणीही तसंच खोल.

'जलपरी' सगळीकडे खोडून मी 'तळ्यातली आसरा' लिहिलं.