तारेला लावलेली पत्रे

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात शहाणी माणसे खिडक्या लावून, फरशीवर पाणी शिंपडून पडून राहतात. मी मात्र परवा जुन्या संगणकाचा ई-मेल वाटणारा मेल सर्व्हर करण्याच्या नादात घामाघूम होऊन बसलो होतो. आमच्या राउटरवर मुलीचे विंडोज, माझे लिनक्स, पत्नीचा आयफोन आणि आईचा अँड्रॉइड टॅब एकत्र नांदतात. साखर पेठेत मराठी, तेलुगू आणि कन्नड एका दमात ऐकत वाढलेल्याला त्याचे अप्रूप वाटायचे कारण नाही; चौघांनाही आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरची पत्रे वाचायची भाषा, कळते, एवढे पुरे.

घरात पुरते टपाल कार्यालय थाटता येत नाही, हे मला ठाऊक होते. घरगुती इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता सतत बदलतो, सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात ते २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दार, इंटरनेटवाल्यांनी बंद ठेवलेले असते, आणि एखादे पत्र निसटलेच तर त्या आकडी पत्त्यावरून नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएसची नोंद नाही म्हणून समोरचा सर्व्हर त्याला दारातच संशयाने न्याहाळतो. म्हणून मी तडजोड केली. जाणारी पत्रे पोस्टफिक्स नावाच्या प्रोग्रामने ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेरच्या सर्व्हरच्या हवाली करायची, येणारी फेचमेलने दर दहा मिनिटांनी तिथून उचलून आणायची आणि डव्हकॉटने ती घरात वाटायची.

‘‘पण पत्रे आत्ताही येतातच की,’’ पत्नी म्हणाली, आणि तिचे काही चुकले नव्हते.

आमच्या आजोबांच्या खोलीत खिळ्याला एक तार टांगलेली असे. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखा बाक. आलेले प्रत्येक पत्र वाचून झाले की ते त्याच्या बरोबर मध्यावर भोक पाडून तारेत ओवीत, मग ते लग्नाचे असो की गिरणीतल्या हिशेबाचे. आपली पत्रे आपल्या भिंतीवर असावीत, हा हट्ट मी त्यांच्याकडूनच उचलला असावा. डव्हकॉटची मेलडिर पद्धत मला आवडते तीही त्यामुळेच, कारण तिथे प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते आणि न पाहिलेली पत्रे ‘न्यू’ नावाच्या कप्प्यात, पाहिलेली ‘कर’ (करंट) नावाच्या कप्प्यात राहतात. भोक तेवढे पडत नाही.

तिसरीत असताना मी पंधरा पैशांचे एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाकले होते. ‘तू कसा आहेस? मी बरा आहे,’ एवढाच मजकूर होता. तिसऱ्या दिवशी ते काळ्या शिक्क्यासह घरी आले; आजोबांनी ते गंभीरपणे वाचले, तारेला लावले आणि विचारले, ‘‘उत्तर धाडलंस का रे?’’

परवाचे पहिले चाचणीपत्रही मी मलाच लिहिले. ते गेले नाही. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, ‘डिफर्ड’ (लांबणीवर) असा शेरा दिसला, कारण सवयीने मी ५८७ ऐवजी २५च लिहून ठेवले होते. न गेलेले पत्र पोस्टफिक्स एरवी पाच दिवस रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा धाडून पाहतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात या सोशिकतेचे कौतुक ते काय! आकडा दुरुस्त करून रांग हलवली आणि काही मिनिटांत पत्र ‘न्यू’मध्ये येऊन पडले. ‘पोहोचले का?’ असे त्यात मीच विचारले होते.

उत्तर धाडावे की नाही, याचा विचार करीत बसलो होतो, तेवढ्यात वीज गेली.