टॅपेट वाजते म्हणून हेड उतरवण्यापूर्वी

आमच्या घरची पेट्रोल गाडी २००३ सालची आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आता ती अमळनेर, पारोळा, धुळे एवढ्याच टापूत फिरते. गेल्या डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून शिवणयंत्र चालल्यासारखा टक-टक आवाज येऊ लागला. सुरुवातीला तो पाच-दहा सेकंदांत विरून जाई; जानेवारी संपता संपता मात्र इंजिन तापल्यावरही तो पुरता थांबेना. एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तर तिथल्या कारागिराने बॉनेटही न उघडता "टॅपेट गेले, हेड उतरवून सगळे लिफ्टर बदलावे लागतील" असा निकाल दिला आणि खर्चाचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याजवळ जात होता. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग; त्यात हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते कॅम नावाच्या फिरत्या उंचवट्याने उघडतात, आणि कॅम व व्हॉल्व्ह यांच्या दुव्यातला भाग म्हणजे टॅपेट किंवा लिफ्टर.)

दुसऱ्या एकाने "टॅपेट सेट करून घ्या" असे सुचवले. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, कारण अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या गाड्यांवर हात बसलेल्या पिढीने रॉकरचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा, स्क्रू आणि त्यावरचा लॉकनट सैल करून, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून, टॅपेटची फट असंख्य वेळा जुळवलेली आहे. आमच्या गाडीत हायड्रॉलिक लिफ्टर असल्यामुळे फिरवायला स्क्रूच नाही. लिफ्टरच्या पोकळ नळीत एक दट्ट्या असतो, दट्ट्याखाली स्प्रिंग असते आणि तेल आत जाऊ देऊन परत न सोडणारी बारीक गोळीची झडप असते. ऑइल पंपाच्या दाबाने आत आलेले तेल कोंडले जाते, ते दाबून आकसत नाही, आणि त्यामुळे कॅम, रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यात फट उरतच नाही. रात्रभर बंद असलेल्या इंजिनात जे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात, त्यांच्या लिफ्टरमधले तेल व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने हळूहळू झिरपून जाते. म्हणून सकाळचा काही सेकंदांचा आवाज हा बिघाड मानू नये. तापलेल्या इंजिनात तो टिकून राहिला, तरच शोध घ्यायचा.

हा शोध मला धुळ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी शिकवला. सगळे त्यांना नाना म्हणतात. इंजिन चालू ठेवून त्यांनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून चारही सिलेंडरवर ते टोक एकेक करून फिरवले. तिसऱ्या सिलेंडरपाशी ते थांबले. मलाही त्यांनी ऐकायला लावले: बाकीच्या ठिकाणी नुसती घरघर होती, तिथे हाडावर टिचकी मारल्यासारखा स्पष्ट ठोका लागत होता.

ठोक्याची गतीही त्यांनी मोजायला सांगितली. कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम असलेला दांडा, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर एक वाजणारा लिफ्टर मिनिटाला ४०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका याहून जड, खोल आणि इंजिनवर भार आला की वाढणारा असतो. त्या सिलेंडरचा स्पार्क तोडला की तो बहुधा मंदावतो, लिफ्टरच्या आवाजाला मात्र स्पार्क तोडल्याने फरक पडत नाही. नानांनी प्लगची वायर काढून हे दाखवले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) सांध्यातले गॅस्केट फुटले असेल, तरी अगदी असाच टक-टक ऐकू येतो आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर तो कमीही होतो, त्यामुळे बरेच जण तिथे फसतात. त्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसतो का, ते आम्ही बॅटरी लावून पाहिले. सांधा स्वच्छ होता.

मग त्यांनी ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्याच जागी दाबाचे मीटर बसवले. या पायरीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे, कारण लिफ्टरवर पैसे घालण्याआधी पंप आणि बेअरिंग ठीक आहेत की नाहीत, हे केवळ या मीटरवरून कळते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली दाब गेल्यावरच लागतो, म्हणून तो विझलेला आहे यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. तापलेल्या इंजिनात आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, १.४ बार आणि ३००० फेऱ्यांवर साडेतीन बार दाब भरला. दर हजार फेऱ्यांना सुमारे ०.७ बार हा मिस्त्रींचा जुना ठोकताळा, त्या मानाने दाब उत्तम होता.

"भाऊ, आवाज टॅपेटना शे, पन दोष टॅपेटना नही," असे म्हणून त्यांनी डिपस्टिक बोटांत पुसली आणि कोणते ऑइल टाकले ते विचारले. मी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकले होते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून जाड ऑइल घालावे, अशी आपल्याकडची ठाम समजूत आहे. वास्तविक तापलेल्या इंजिनातल्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर मे असो वा जानेवारी. फरक पडतो तो सुरू होतानाच्या क्षणी, कारण थंड जाड तेल सावकाश वाहते, आणि आपल्याकडची जानेवारीतली पहाट दहा अंशांखालीही उतरते, हे उन्हाळ्याच्या धास्तीत आपण विसरतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याहून पातळ १०डब्ल्यू-४० असे स्पष्ट छापलेले होते. शिवाय स्वस्तातला जो फिल्टर मी लावून घेतला होता, त्यात तेल मागे परतू न देणारा रबरी पडदाच नव्हता, त्यामुळे रात्रीत फिल्टर रिकामा होऊन सकाळी लिफ्टरपर्यंत तेल पोहोचायला वेळ लागत होता.

योग्य ऑइल आणि फिल्टर घालून पाचशे किलोमीटर गाडी चालवल्यावर आवाज बराच उतरला. उरला तो तिसऱ्या सिलेंडरचा एकच ठोका. तेव्हा टॅपेट कव्हर उघडले. कॅमचा उंचवटा रॉकरपासून दूर राहील असे इंजिन हाताने फिरवून नानांनी एकेक रॉकर लिफ्टरच्या बाजूने अंगठ्याने दाबला. सात जागी तो दगडासारखा घट्ट होता, आठव्या जागी ओल्या स्पंजासारखा खाली गेला. तो लिफ्टर काढून, डिझेलमध्ये धुऊन, पांढऱ्या फडक्यावर उघडला, तर गोळीच्या बैठकीत मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढी कार्बनची काळी खपली अडकलेली होती. दट्ट्या आणि नळी यांची जोडी एकमेकांपुरतीच घासून बसवलेली असते, म्हणून सुटे भाग दुसऱ्या लिफ्टरच्या भागांत मिसळू नयेत, हे त्यांनी दोनदा बजावले. ताज्या तेलात बुडवून, आतली हवा काढून तो जागेवर बसवला. दट्ट्या आपल्या मापावर यावा म्हणून अर्धा तास स्टार्टर मारू दिला नाही, आणि तेवढ्यात चहा झाला.

एक लिफ्टर बिघडला की आठही बदलावेत, असे पुष्कळ जाणकार सांगतात आणि हेड उतरलेलेच असेल, तर ते मलाही पटते. मी बदललेले नाहीत. परवा सकाळी घड्याळ लावून पाहिले: तिसरा सिलेंडर चार सेकंद वाजला आणि गप्प झाला.