मागच्या चाकांवर किविनॉपर्यंत

फेब्रुवारीत मिशिगनच्या पार उत्तरेला होटनला निघालेय म्हटलं, की आमच्या डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळींत पहिला प्रश्न गाडीचा निघतो. मी माझी माझदा मिआटा नेणार म्हटलं, की कोणी ना कोणी आपल्या एसयूव्हीची किल्ली पुढे करतंच. मायेनंच करतात. दोन सीटची, कापडी छताची, जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊन बाई अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात जाते, तीही ऐन थंडीत, याची त्यांना काळजी वाटते. पण मी हिवाळाभर हीच गाडी चालवते आणि माझं मत पक्कं झालंय: बर्फात गाडी सांभाळतात ते टायर आणि चालवणाऱ्याचा पाय. इंजिनाचं बळ कुठल्या चाकांना जातं, हा प्रश्न त्यानंतरचा.

टायरचं आधी सांगते, कारण सगळं तिथेच ठरतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सुटते. विंटर टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं, शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कडेला तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलेच घ्यायचे आणि चारही चाकांना घालायचे. नुसत्या मागच्या दोन चाकांना घालून पैसे वाचवणारे भेटतात. त्यांची गाडी पुढे छान जाते, पण वळायला आणि थांबायला ऐकत नाही. रुंद टायरपेक्षा थोडा अरुंद बरा, तो भुसभुशीत बर्फ कापून खाली टेकतो. आणि थंडीत हवा आकसते. पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधल्या हवेचा दाब जवळपास एक पीएसआयने कमी होतो. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी, गाडी गार असतानाच, मी हवा तपासते.

नोव्हाय ते होटन साडेपाचशे मैलांच्या आसपास, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटर. डिक्की लहानशी. त्यात फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, आणि होटनला मिशिगन टेक विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्यासाठी तिळाच्या वड्या नि भाकरवडी. या गाडीत स्टेपनी नसते, म्हणून पंक्चरचं किट आहे की नाही ते पुन्हा एकदा बघून घेतलं. आय-75 हायवेवरचा अर्धा प्रवास कोरड्या, मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावरचा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मॅकिनॉ ब्रिजपासून प्रवास सुरू होतो असं मी मानते. 1957 साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल पाच मैल लांब आहे. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूला ह्युरॉन. आतली लेन उघड्या लोखंडी जाळीची, बाहेरची डांबरी. जाळीवर बर्फ साचत नाही, पण हलक्या गाडीचं तोंड तिच्यावर सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हुडकत राहतं. मी बाहेरची लेन धरते. कधी कधी मनोऱ्यांवरून आणि केबलवरून बर्फाचे तुकडे सुटायला लागतात, तेव्हा पूल चक्क बंद ठेवतात. त्या दिवशी खुला होता. वाऱ्यात स्टिअरिंग घट्ट आवळायचं नाही, दोन्ही हातांत सैलसर धरायचं. गाडी वाऱ्याने जरा सरकते नि आपणहून सरळ होते, तिला तेवढी मोकळीक द्यावी.

पुढे एम-28 हायवेवर सीनी ते शिंगलटन हा 25 मैलांचा सरळसोट पट्टा. इथे वळण नाही म्हणून लोकांना कंटाळा येतो. मला मात्र इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागलं. शेजारच्या उघड्या दलदलीवरून वारा बर्फाची भुकटी रस्त्यावर लोटत होता. समोरून लाकडांचा ट्रक गेला की काही क्षण काच पांढरी. अशा वेळी ब्रेकवर पाय गेला तर मागचा माणूस येऊन आदळणार; म्हणून अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि उजव्या कडेच्या खांबांवर नजर ठेवायची. एलईडी दिवे तापत नाहीत, त्यांच्यावर बर्फ चिकटून बसतो आणि आतून आपल्याला फक्त अंधारल्यासारखं वाटतं. शिंगलटनला उतरून पाहिलं तर दोन्ही दिव्यांवर बोटभर थर. हातमोज्याने पुसले, मागचे लाल दिवेही पुसले, तेव्हा पुढचा रस्ता पुन्हा दिसायला लागला.

होटनला पोचले तेव्हा उणे अठरा होतं. तिथला विंटर कार्निव्हल 1922 पासून चालतो. विद्यार्थी रात्र रात्र जागून बर्फाची शिल्पं उभी करतात. भाच्याचा चमू एक किल्ला करत होता.

दुसऱ्या दिवशी भाचा शेजारच्या सीटवर बसला. लिफ्ट ब्रिज ओलांडला की हँकॉक आणि लगेच क्विन्सी हिलचा चढ, माथ्यावर जुनी तांब्याची खाण. पायथ्याशी पुढची गाडी थांबली, मलाही थांबावं लागलं. खाली घट्ट दाबला गेलेला बर्फ, त्यावर वाळू शिंपडलेली; एवढ्या थंडीत मीठ फारसं काम करत नाही, म्हणून तिथे वाळूवर जास्त भर. मी दुसरा गिअर टाकला. पहिल्यात चाकाला एकदम जोर मिळतो आणि ते जागच्या जागी फिरतं. क्लच अगदी सावकाश सोडला, अॅक्सिलरेटर नावापुरता. डॅशबोर्डवर चाकं घसरत असल्याचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, गाडीचं बूड वीतभर डावीकडे सरकलं.

"मावशी, सरकली!"

"सरकू दे. पाय तिथेच ठेवायचा."

स्टिअरिंगही तितकंच डावीकडे वळवलं, नजर चढाच्या टोकावर ठेवली, आणि गाडी सरळ होऊन चढायला लागली. घाबरून पाय झटकन उचलला असता तर वजन पुढच्या चाकांवर आलं असतं, मागची आणखी हलकी होऊन निसटली असती. हलक्या पायाची ही शिकवण बाबांची. त्यांची प्रीमियर पद्मिनीही मागच्या चाकांवरची, आणि पावसाळ्यात आंबा घाटातल्या लाल चिखलात ते तिला अशीच हाकायचे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ओढायचं नि वळायचं अशी दोन्ही कामं त्याच टायरवर पडतात. इथे पुढची चाकं वळतात, मागची ढकलतात, आणि कोण दमलंय ते सीटमधून पाठीला आधी कळतं. मला ही गाडी आवडते ती त्यासाठी.

उतरताना वेगळी खबरदारी. खालचा गिअर टाकून क्लच धाडकन सोडला तर इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो आणि ती घसरतात. म्हणून क्लच सोडण्याआधी अॅक्सिलरेटरला हलका झटका देऊन इंजिनाची गती चाकांशी जुळवून घ्यायची. भाच्याने हे पुस्तकात वाचलं होतं. पायाखाली त्या दिवशी पाहिलं.

त्या रात्री फूटभर बर्फ पडला. सकाळी मी गाडी काढली नाही. बर्फ गाडीच्या पोटापेक्षा उंच झाला की तो खाली दबत जातो, गाडी त्यावर तरंगते आणि चाकं टेकतच नाहीत. तिथे कुठल्याही कौशल्याचा उपयोग नसतो. छतावरचा बर्फ मऊ ब्रशने झाडला, स्क्रेपर कापडाला लावायचाच नाही. मग रस्त्यावरचा बर्फ काढणारा प्लाऊ येईपर्यंत आम्ही पास्टी खात बसलो. कॉर्निश खाणकामगारांनी आणलेला हा पदार्थ आपल्या करंजीच्या आकाराचा, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा सलगमसारखा कंद.

दुपारी रस्ता झाल्यावर कॉपर हार्बरला गेलो. तिकडे जाणारा यूएस-41 हायवे पार मायामीहून येतो. सुपीरियरच्या उघड्या पाण्यावरून थंड हवा बाष्प उचलते आणि किविनॉ द्वीपकल्पाच्या चढावर बर्फ होऊन ओतते. मोहॉकच्या पुढे रस्त्याकडेला त्या बर्फाची उंच मोजपट्टी उभी आहे, 1978-79 च्या हिवाळ्याचा आकडा 390.4 इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. शेवटचे काही मैल झाडांच्या कमानीखालून वळणं घेत जातात. रस्ता पांढरा, नुकताच खरवडलेला, समोर कोणी नाही. तिसरा गिअर, ताशी तीस मैलांच्या आत, वळणाआधीच वेग कमी आणि वळणातून निघताना अॅक्सिलरेटरचा जरासा दाब, की मागची चाकं गाडीला हळूच आत वळवतात. एवढ्या कमी वेगात एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या गाडीने मला दिलेला नाही.

नोव्हायला परतल्यावर पहिलं काम गाडीचं पोट धुण्याचं. डेट्रॉइटच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि मिशिगनमध्ये पत्रा खातं ते रस्त्यावरचं मीठच. मी दर शरद ऋतूत खालून लॅनोलिनचा थर मारून घेते आणि थंडी जरा ओसरली की खालून पाण्याचे फवारे मारणाऱ्या वॉशमध्ये नेते.

भाच्याला आता जुनी मिआटा हवीय. त्याला सांगितलंय, दक्षिणेतल्या राज्यातली बघ, फोटोवर जाऊ नकोस. मागच्या चाकाच्या पुढचा, दाराखालचा पत्रा टॉर्च मारून बघ, अंगठ्याने दाबून बघ. जुन्या मिआटा तिथूनच गंजतात. आणि विंटर टायरचे पैसे बाजूला काढून मगच किमतीची घासाघीस कर.