आमची वाटचाल : जुन्या बाँदोलच्या जोरावर

दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हाँस म्हणजे गुलाबी वाइन, लाल हवी असेल तर नैर्ऋत्येकडची बोर्दो मागवा, असं वाइन आयातीच्या धंद्यातल्या जाणत्यांनी आम्हाला बजावलं होतं. आम्ही प्रोव्हाँसचीच लाल वाइन, बाँदोल, मागवली. ती शिळी होऊ न देता जुनी करून विकायची, हा आमच्या छोट्या फर्मचा पहिल्यापासूनचा हट्ट.

तुलाँ या बंदराच्या पश्चिमेला, समुद्राकडे उतरणाऱ्या आठ गावांत ही वाइन होते. दगडी बांधांच्या पायऱ्या, चुनखडीची माती, वर कोरडा मिस्त्राल वारा. तिथलं मुख्य द्राक्ष मूर्वेद्र, उशिरा पिकणारं आणि उन्हाचं हावरं. फायलॉक्सेरा या द्राक्षवेलींची मुळं पोखरणाऱ्या किडीनं मळे बसवले, तेव्हा अनेकांनी भरघोस पिकणाऱ्या जाती लावल्या. मूर्वेद्र परत आणण्यासाठी लुसियाँ पेरो यांच्यासारखे तिथले वाइन-उत्पादक हटून बसले. १९४१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लाल बाँदोलमध्ये निम्मं तरी मूर्वेद्र हवंच, आणि वाइन किमान १८ महिने लाकडी पिंपात राहायला हवी. कोवळी असताना ती हिरड्या आवळते. दहा-बारा वर्षांनी काळ्या फळांचा जोर ओसरतो. चामडं, ज्येष्ठमध, ओला पाचोळा वर येतात आणि पेल्याच्या कडेला विटकरी रंग दिसतो.

या वाइननं आम्हाला जवळजवळ बुडवलंही. ऐन मे महिन्यात आमचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर बंदरावर वीजजोडणीशिवाय पडून राहिला. बाटल्या हाती आल्या तेव्हा बुचं वर सरकली होती, मानेखाली चिकट ओघळ होते. विम्यानं हात वर केले. १५० टक्के सीमाशुल्क भरून आणलेला माल आम्ही मोरीत ओतला. त्याच वेळी आमच्या एका प्रतिस्पर्ध्यानं हॉटेलवाल्यांना सांगत फिरायला सुरुवात केली, "यांच्या बाटल्यांच्या तळाशी गाळ असतो, माल नासका आहे." न गाळलेल्या जुन्या वाइनला गाळ येतोच, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं. तरीही तीन मोठी गिऱ्हाइकं गेली. ते अजून बोचतं.

तगलो ते पुण्याच्या एका निवृत्त सर्जनांमुळे. पुढच्या खेपेचे पैसे डॉक्टरसाहेबांनी आगाऊ दिले, पावतीही मागितली नाही. नंतर माझ्याकडचा दोन पात्यांचा बूचकाढा स्वतः वापरून त्यांनी मित्रांना जुनं, भुसभुशीत बूच न मोडता काढून दाखवलं. त्याची पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू झुलवत आत जातात; मळसूत्र मधोमध घुसवलं की जुन्या बुचाचा चुरा होतो. त्या एका बैठकीतून निम्मी गिऱ्हाइकं परत आली. पुढची वर्षं सुरळीत गेली.

जुनी बाँदोल घेणाऱ्यांनी एवढं करावं: आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा. मानेमागे मेणबत्ती धरून सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओता, गाळ मानेशी आला की थांबा. १७ अंशांच्या आसपास प्या. आपल्याकडची खोलीतली उष्णता म्हणजे फ्रान्समधली नव्हे. तांबड्या रस्स्यासोबत उघडू नका, तिखटानं टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, कडवट लागतं. साधं भाजलेलं मटण पुरे.

आज त्या प्रतिस्पर्ध्याच्या यादीतही बाँदोल आहे. गेल्या दोन वर्षांची, कोवळी, 'लगेच प्या' असं सांगून विकलेली. गिऱ्हाइकाला असं सांगणं मला मान्य नाही आणि आमच्या काउंटरवर ते कधी सांगितलं जाणार नाही.